नारळाला सांगितलेलं नाव

आमच्या जिल्ह्यात माणसाच्या अंगावर शाल पडल्याशिवाय तो आला असं कोणी धरत नाही. बदलून आलेला तलाठी असो की बदलून चाललेला, बारावी पास झालेली मुलगी असो की गणपतीला मुंबईहून उतरलेला कुणाचा जावई, शाल, श्रीफळ आणि मागे फ्लेक्स हे ठरलेलं. मी कुडाळच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो तेव्हा मे महिन्याच्या घामात माझ्यावर इतक्या शाली पडल्या की बायकोने त्या पुढच्या सत्कारांना पुरवायला सुरुवात केली. त्यातली एक वर्षभरात फिरून माझ्याच खांद्यावर आली. कडेवरच्या चहाच्या डागावरून मी ती ओळखली आणि भाषणात म्हणालो, "आपण मला उबदार आठवणी दिल्यात." टाळ्या पडल्या.

सत्कार या प्रकाराकडे मी थट्टेनेच बघत आलो. त्याने कुणाचं वाईट होऊ शकतं असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. ते आमच्या शेजारी राहायला आलेल्या पाहुणीमुळे कळलं.

ही पाहुणी परदेशातली. कुठल्या देशाची ते लिहीत नाही, तिचं नाव लिहीत नाही, आणि म्हणून बाकी कुणाचंही लिहीत नाही. एवढी एकच अट घालून तिने हे लिहायला परवानगी दिली आहे. देश कुठला असेल याचा तर्क वाचकाने करू नये. करायचाच असेल तर करावा. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर येतील, आणि तेच खरं वाईट आहे.

आमच्या कुंपणाला लागून टीचर राहतात. ख्रिस्ती घर, अर्धं गणगोत गोव्यात, पण टीचरांनी सगळी नोकरी इथल्याच शाळेत केली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली आणि उरलेल्यांना गप्प बसायला. त्यांची भाची पुण्याला असते. तिच्या घरातल्या वरच्या खोलीत ही मुलगी राहायची. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली बाई, पुण्यात शिकायला आलेली. शिक्षण संपायच्या सुमाराला तिच्या देशात लष्कराने सरकार ताब्यात घेतलं. पुढे तिच्या भावाला पकडलं, आणि तिच्या पासपोर्टची मुदत संपल्यावर वकिलातीने तो नवा करून द्यायला नकार दिला. परत जायचं तर विमानतळावरूनच उचलणार. पुण्यात तिला झोप लागेना, म्हणून भाचीने तिला चार दिवस समुद्र बघायला टीचरांकडे पाठवली. दिवाळी नुकतीच झाली होती. ती आली आणि राहिली.

रोज संध्याकाळी टीचरांच्या ओट्यावर आबा यायचे. आबा आमच्या गावचे मानकरी, गावाच्या वतीने देवापुढे बोलायचा हक्क त्यांच्या घराण्याकडे. ऐंशी ओलांडलेले, डोळे अधू, त्यामुळे टीचर त्यांना पेपर वाचून दाखवत. मी कॉफीच्या निमित्ताने जायचो. पाहुणी वालीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. तिला पुण्याचं हिंदी येत होतं, पण आबांचं मालवणी तिच्या डोक्यावरून जायचं आणि तिचं हिंदी आबांच्या. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

एकदा आबांनी टीचरांना विचारलं, "ह्यां चेडू घराक कधी जातला?"

"जावक गावणा नाय तिका, आबा."

"कित्याक? बोट चुकली?"

टीचरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला विचारलं. ती शेंग हातात धरून सांगू लागली आणि मी एकेक वाक्य आबांकडे सरकवत राहिलो. भाऊ तुरुंगात आहे, म्हणून.

"काय केल्यान? चोरी?"

"नाही."

"मारामारी?"

"नाही. तो शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्या एका विद्यार्थ्याला मोर्चात गोळी लागली. पोरगा गेला. त्याच्या तिरडीला ह्याने खांदा दिला."

आबांना वाटलं माझं काहीतरी चुकतंय. "सरांनू, परत इचारा. नीट इचारा."

मी परत विचारलं. तेच उत्तर आलं. खांदा देणाऱ्या चौघांचे फोटो निघाले, आणि त्या आठवड्यात चौघेही उचलले गेले.

आमच्या गावात कुणी गेलं की वाडीतले बाप्ये शर्ट घालता घालता धावतात. गेलेल्याशी भांडण असलं तरी धावतात, हद्दीचा दावा कोर्टात चालू असला तरी धावतात. खांदा देणं ही करायची की नाही अशी गोष्टच नाही. आबा म्हणाले, "खांदो दिल्यान म्हणान आत टाकलो? मगे आमच्या गावातलो एक पण दादलो भायर रवाचो नाय."

ते हसवण्यासाठी म्हणाले नव्हते. पण मी हिंदीत सांगितल्यावर ती हसली. ती हसलेली आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

मग तिने गुरुवारचं सांगितलं. दर गुरुवारी तिची आई धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन तुरुंगाच्या भिंतीशी रांगेत उभी राहते. भिंतीत एक खिडकी आहे. खिडकीतला माणूस पिशवी आत घेतो आणि मागच्या आठवड्याचे मळलेले कपडे बाहेर देतो. भेट नाही, चिठ्ठी नाही. कपडे मळले, म्हणजे ते घालणारा जिवंत आहे. कधी खिडकीतला माणूस नुसता "नाही" म्हणतो आणि पिशवी परत करतो. कारण सांगत नाही. शिक्षा म्हणून अंधारकोठडीत टाकलं असेल, दुसऱ्या तुरुंगात हलवलं असेल. किंवा तिसरं, जे कोणी उच्चारत नाही. संध्याकाळी आई शेजाऱ्यांच्या फोनवरून हिला फोन करते. फोन कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून त्या दोघींचं ठरलेलं आहे. पिशवी घेतली असेल तर आई म्हणणार, "आज धुणं आहे." घेतली नसेल तर म्हणणार, "आज धुणं नाही."

टीचरांच्या ओट्यावर सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाडीभर होते, त्याला कुठल्याही यंत्रणेची गरज लागत नाही. त्या आठवड्यापासून शुक्रवारी सकाळी तिला बाहेर पडणं मुश्किल झालं. मासे विकायला आलेली बाई टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "धुणां आसा मां गो?" नारळ उतरवणारा पाडेली माडाच्या शेंड्यावरून ओरडून विचारायचा. तिने एवढे दोनच मालवणी शब्द आधी शिकून घेतले. "धुणां आसा," ती वर बघून सांगायची, आणि वरून नारळ पडायला लागायचे.

आता अध्यक्ष. आमच्या गावात एक तरुण कार्यकर्ता आहे, त्याला सगळे अध्यक्ष म्हणतात. कशाचा अध्यक्ष ते विचारायचं नसतं. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि गावात कुठेही चार माणसं जमली की पाचवा हा. टीचरांनी त्याला तिसरीत दोन वर्षं बसवला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर तो अजून हात मागे बांधून उभा राहतो. माणूस मनाने चांगला. फक्त चांगुलपणा फ्लेक्सवर छापल्याशिवाय पूर्ण होतो हे त्याला पटत नाही.

एका शनिवारी टीचर आणि पाहुणी समुद्रावरून परत येत होत्या. तिठ्यावर नवा फ्लेक्स लागला होता. मधोमध पाहुणीचा चेहरा, माणसाच्या उंचीचा. तिचं नाव, तिच्या देशाचं नाव, "जुलमी राजवटीशी झुंजणाऱ्या वीर भगिनीचे हार्दिक स्वागत", रविवारी सकाळी जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. कडेने ओळीने हसणारे, हात जोडलेले पुढारी, त्यांतल्या एकानेही तिला पाहिलेलं नव्हतं. फोटो टीचरांच्या ओट्यावरचाच. अध्यक्षाने आदल्या आठवड्यात "सहज" काढलेला.

ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. टीचरांना वाटलं चक्कर आली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, हे उतरवा.

तिच्या देशाची वकिलात परदेशातल्या आपल्या लोकांवर नजर ठेवते, कोण कुठे काय बोललं याची टिपणं जातात, आणि त्याचा हिशेब घरी राहिलेल्यांकडून घेतला जातो. हे आम्हाला तिने नंतर सांगितलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या डोक्यात येणार तरी कसं? ज्याच्याबद्दल वाईट वाटतं त्याला चार लोकांसमोर बसवून शाल घालायची, यापेक्षा जास्त माया आमच्या गावाला करता येत नाही.

टीचर अध्यक्षाच्या घरी गेल्या. मी मागोमाग होतो. तिसरीच्या वर्गातला आवाज मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाला.

"खाली उतरय तां. आत्ता."

"टीचर, पण मी बऱ्यासाठीच..."

"बऱ्यासाठीच उतरय."

त्याने कुणाला सांगितलं नाही. पांढऱ्या शर्टावर स्वतः शिडी चढला आणि कोयत्याने दोऱ्या कापल्या. फ्लेक्स त्याच्या अंगावरच पडला. त्याखालून तो बाहेर आला तेव्हा आपल्या हातून काहीतरी वाईट झालंय हे त्याला समजलं होतं, कारण त्याने पहिलं वाक्य हे उच्चारलं, "टीचर, ग्रुपवर पण टाकलंय." गावच्या ग्रुपवर मुंबईतले, गोव्यातले, आखातातले सगळे आहेत. त्याने सगळ्यांना फोन करकरून तो फोटो पुसून घ्यायला सांगितला. लोकांनी पुसला. पण पुसण्याआधी तो कुठे कुठे गेला हे कोण सांगणार?

त्या गुरुवारी आई म्हणाली, "आज धुणं नाही."

पुढच्या गुरुवारीही तेच.

शुक्रवारी सकाळी मासेवालीने तोंड उघडलं, पाहुणीचा चेहरा बघितला, आणि न विचारता दोन बांगडे तिच्या ताटात ठेवून निघून गेली. अध्यक्ष रोज संध्याकाळी टीचरांच्या फाटकाशी येऊन उभा राहायला लागला. आत यायचा नाही. दोन्ही फोन बंद. एक दिवस त्याने विचारलं, "टीचर, माज्यामुळे झाला काय ह्यां?"

मला वाटलं टीचर नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "माका ठावक नाय. तुका पण ठावक नाय. तिका पण ठावक नाय. कोणाकच ठावक पडूचा नाय, ह्यांच तर तेंका व्हया आसा."

मी आयुष्यभर हुकूमशाह्यांवर व्याख्यानं दिली. फळ्यावर त्यांची लक्षणं लिहून द्यायचो आणि मुलं ती परीक्षेत उतरवायची. ओट्यावर कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईकडे बघताना त्यातलं एक लक्षण पहिल्यांदा माझ्या अंगाला भिडलं. भाऊ आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि तरीही शेंगा सोलायच्या होत्या.

आबा त्या दिवशी पेपर न ऐकताच उठले. जाताना म्हणाले, "सोमवारी तिन्हीसांजेक देवळात येंवा. गाऱ्हाणा घालूया."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे गावाने मिळून देवाशी बोलायची रीत. मागणाऱ्याने नारळ ठेवायचा, मानकऱ्याने त्याच्या वतीने देवाला खणखणीत आवाजात सगळी हकिगत सांगायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. थोडक्यात, अर्ज एकाचा आणि त्याला अनुमोदन सगळ्यांचं. माझा देवाशी व्यवहार नाही, त्याचाही माझ्याशी नसावा. पण गाऱ्हाणं मला आवडतं, कारण त्यात भाषण करणाऱ्याला लोकांकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

पाहुणीचा धर्म वेगळा. तिने टीचरांना विचारलं, चालेल का? टीचर म्हणाल्या, आमच्या घराचा तर त्या देवळात मान आहे. पालखी निघते ती आमच्या क्रुसाकडे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. चल.

मग तिने मला विचारलं, "आबा तिथे काय सांगतील?"

"सगळं. तुझ्या भावाचं नाव, बापाचं नाव, गाव, घर."

तिचा चेहरा उतरला. माझ्या लक्षात आलं. गाऱ्हाण्यात हे सगळं सांगावंच लागतं, नाहीतर देवाला कळणार कसं की कुणाकडे लक्ष द्यायचं? आणि आजकाल आमच्या देवळातलं प्रत्येक गाऱ्हाणं चाकरमान्यांना दिसावं म्हणून कुणी ना कुणी फोन उंच धरून थेट दाखवत असतो. भावाचं नाव मोठ्या आवाजात, शंभर फोनांसमोर. फ्लेक्स परवडला.

मी आबांना गाठून सांगितलं, नाव सांगता येणार नाही.

"नाव नाय, गाव नाय, तर ह्यां गाऱ्हाणा पाठवचा खंय?" आबा वैतागले. "पोस्टमनाक पण पत्तो लागता, देव काय नुसतो वास काढीत जातलो?"

ते तसेच घरी गेले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी बिननावाचं गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं, आणि चुकीचं घातलं तर त्याचा जाब त्यांनाच द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते कुंपणापाशी हजर.

"सरांनू, नाव ती नारळाक सांगांदे. हळू. नारळ देवाकडे जाता तो जाताच. मी नारळाकडे बोट दाखवतंय."

"आणि फोन?"

"तां अध्यक्ष बघतलो."

सोमवारी उन्हं कलती झाली तेव्हा मी देवळाशी पोहोचलो. पायऱ्यांच्या खाली, जिथे चपला काढतात तिथे, अध्यक्ष उभा होता. त्याच्या पायाशी आंबे भरायचा मोठा हारा. येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तो मागून घेत होता आणि हाऱ्यात ठेवत होता. स्वतःचे दोन्ही तळाशी.

"माजो नवीन आसा रे, ओरखडो येतलो!"

"येंवदे."

"अरे पण झील दुबयसून फोन करतलो माका."

"काका, आज देवाक एकट्याकच आयकाचा आसा. झिलाक उद्या सांगा."

कुणी हुज्जत घातली, पण फोन न देता कोणी वर गेलं नाही. मी ज्या गावात राहतो तिथे लोक तिरडीचे फोटो टाकतात, नैवेद्याचे टाकतात, विहिरीत पडलेल्या मांजराचे टाकतात. त्या गावाने आपले सगळे फोन आंब्याच्या हाऱ्यात टाकले आणि ते मोकळ्या हाताने पायऱ्या चढलं. त्या हाताचं काय करायचं ते कित्येकांना सुचेना. काहींनी खिशात घातले, बाकीच्यांनी जोडले.

आत सभामंडप भरला होता. टीचर पाहुणीला घेऊन पुढे बसल्या होत्या, हातात जपमाळ. आबांनी पाहुणीच्या ओंजळीत नारळ दिला आणि मला म्हणाले, "सांगा तिका."

मी सांगितलं. तिने नारळ तोंडाजवळ घेतला, डोळे असतात त्या बाजूने, आणि कुजबुजू लागली. एका नावाला जितका वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती बोलत होती. काय सांगत होती कोण जाणे. मंडपात शेकड्याने माणसं, पण कुणी खाकरलं नाही. आमच्या गावातली माणसं इतका वेळ गप्प बसू शकतात हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तिने नारळ आबांकडे दिला. आबांनी तो देवापुढे ठेवला, पाठ आमच्याकडे केली आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सोमवारच्या दिवशी तुजी सगळी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां एक चेडू लांबच्या मुलखातसून तुज्या दारात इला आसा. तेचो भाव थंयच्या सरकारान कोंडून घातलो आसा. तेचा नाव ह्या नारळात आसा. तां तू आयक. आमी आयकाक नाय, आमका सांगा पण नको!"

"व्हय म्हाराजा!"

"गुन्हो काय केल्यान? मेलेल्या पोराक खांदो दिल्यान. ह्यो जर गुन्हो आसात, तर हंय उभे आसत ते सगळे गुन्हेगार आसत!"

या वेळी आवाज वेगळा आला. आधीचे "व्हय" सवयीचे होते, हे एकेकाचं स्वतःचं होतं. पाहुणी दचकली. माझ्याकडे वाकून म्हणाली, "ते सगळे काय म्हणतायत?"

"हो म्हणतायत."

"कशाला हो?"

"तुझ्या भावाने केलं ते आम्हीही केलंय, असं."

तिने मान वळवून मागे बघितलं. मागे मासेवाली होती, पाडेली होता, बँकेतले निवृत्त शिपाई होते, हद्दीच्या दाव्यातले वादी आणि प्रतिवादी एकाच खांबाला टेकून होते. ती बघतच राहिली. मीही बघत होतो. जाहीरनामे, ठराव, निषेधपत्रकं मी पुष्कळ वाचली, काहींवर सहीही केली. सही करताना आपलं नाव कितव्या क्रमांकावर येतंय हेही बघितलं. इथे ज्याच्यासाठी हो म्हणायचं त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि म्हणणाऱ्याचं कुठे लागणार नव्हतं.

"तेची आवस गुरवारी कपड्यांची पिशवी घेवन दारार उभी रवता. ती पिशवी आत घेवंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वांगडा जे कोण कोंडलेले आसत, तेंची पण राखण कर. तेंच्या आवशी रांगेत उभ्यो आसत, तेंच्या पायांका बळ दी!"

"व्हय म्हाराजा!"

"खिडकीत जो शिपाय बसलो आसा, तो पण कोणाचो तरी झील आसा. तेका बरी बुद्धी दी. पिशवी घेताना तेच्या हाताक भय वाटा नये!"

शिपायाचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. मग मागून टीचरांच्या वयाच्या एका म्हातारीचा एकटीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा," आणि त्यामागून सगळ्यांचा.

"आणि थंय वरती जो बसलो आसा," आबा म्हणाले, "तेका तू बघून घे. तो काय आमच्या हातातलो नाय!"

हशा पिकला, आणि त्या हशातच "व्हय म्हाराजा" झालं. नेमका तेव्हाच खाली हाऱ्यात एक फोन वाजू लागला. दुबईचा झील असावा. वाजत राहिला, थांबला, परत वाजला. ज्याचा होता तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याने मान हलवली नाही.

गुरुवारी संध्याकाळी टीचरांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे कामाने आलेले. कुणी विळी परत द्यायला आलं होतं, कुणाला कढीलिंबाची चार पानं हवी होती. अध्यक्ष टीचरांच्या कौलांची पाहणी करायला आला होता, आणि ती तो ओट्याखालून करत होता. आबा पेपर उलटा धरून बसले होते.

फोन वाजला. तिने कानाला लावला. तिच्या भाषेतला एक शब्द आम्हाला आता येत होता. धुणं. तो ऐकू यावा म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, पण बोलणार होती आई.

ती ऐकत होती. मग तिने हात तोंडावर ठेवला आणि आमच्याकडे बघून मालवणीत म्हणाली, "धुणां आसा."

कुणी ओरडलं नाही. विळीवाली खाली बसली. अध्यक्ष वळला आणि विहिरीकडे चालू लागला. फोन अजून चालूच होता, आई बोलत होती, भराभरा, आणि पाहुणी हसत होती, रडत होती. ठेवल्यावर तिने सांगितलं, आई त्याला शिव्या घालत होती. शर्टाची कॉलर काळीकुट्ट झाली आहे, एक बटण तोडलंय, लहानपणापासून हा असाच, कपड्यांची किंमत नाही, आता हे डाग जायचे कसे! तीन आठवडे अंगावर असलेला शर्ट. मी आयुष्यात मळक्या शर्टाचं इतकं कौतुक ऐकलं नव्हतं.

गाऱ्हाण्याने हे झालं असं मी म्हणत नाही. खिडकीतला माणूस बदलला असेल, कोठडीची शिक्षा संपली असेल. फ्लेक्सचा संबंध होता की नव्हता हेही आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. आबांना मी हे बोलून दाखवलं असतं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते खूश झालेले दिसेनात. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"तिका इचारा, सरांनू. रांगेत बाकीचे होते मां? तेंचा काय झाला?"

मी विचारलं. पाहुणीचं हसू थांबलं. आई तेही धुण्याच्याच आडून बोलली होती. आईच्या मागे उभ्या असलेल्या बाईची पिशवी परत दिली. आई तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

"तिच्या झिलाचा नाव काय?"

"माहीत नाही. रांगेत कुणी कुणाला नाव सांगत नाही."

आबांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. त्यातून त्यांना फारसं दिसत नाही, तरी पुसला. मघाशी बसलेली विळीवाली आता उठून उभी राहिली होती. आबांनी परत विचारलं.

"पिशवी कसली होती तिची? तां तरी दिसला असतला."

पाहुणीने पुढच्या गुरुवारी आईला विचारलं. आईने सांगितलं, लाल. मेणकापडाची, बंदाला गाठ मारलेली.

त्यानंतरच्या सोमवारी हारा पहिल्यापेक्षा लवकर भरला, आणि अध्यक्षाला घरून दुसरा आणावा लागला. आबांनी नवा नारळ पाहुणीच्या हातात दिला. या वेळी ती फार वेळ बोलली नाही. सांगायला होतंच तेवढं. आबांनी आमच्याकडे पाठ केली.

"बा देवा म्हाराजा! तांबड्या पिशवेवाल्या बायचो झील..."

आबा नेहमी श्वास घेतात तिथे थांबले, आणि आम्ही वाक्य पुरं व्हायची वाट न बघता म्हणालो, "व्हय म्हाराजा!"